शून्यानं भागलं, मग?

एक भागिले शून्य. फळ्यावर हे गणित आलं तर शिक्षक "असा भागाकार करत नाहीत" असं सांगून मोकळे होतात. प्रोसेसरला मात्र काहीतरी ठरवावंच लागतं, आणि तो निर्णय त्याच्या आतल्या एका छोट्या रजिस्टरवर अवलंबून असतो. इंटेल आणि एएमडीच्या आजच्या प्रोसेसरांत त्याचं नाव एमएक्ससीएसआर. आहे ३२ बिटांचं, पण इथे कामाची खालची १६. सर्वांत खालच्या सहा बिटांत, म्हणजे फ्लॅगांत, काय काय घडून गेलं याची नोंद राहते: अवैध क्रिया, सबनॉर्मल म्हणजे अतिसूक्ष्म संख्या समोर येणं, शून्यानं भागाकार, ओव्हरफ्लो, अंडरफ्लो, आणि उत्तर नेमकं न बसल्यानं ते जवळच्या संख्येवर आणावं लागणं. याच सहा घटनांचे सहा मास्क असतात. मास्क लावलेला असेल तर प्रोसेसर ठरावीक उत्तर देऊन पुढच्या सूचनेकडे वळतो. ते उत्तर कधी अनंत असतं, कधी शून्य, कधी 'ही संख्याच नव्हे' असं सांगणारा नॅन. मास्क काढलेला असेल तर तो तिथल्या तिथे थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावतो; हाच ट्रॅप. दोन बिट राउंडिंगची दिशा ठरवतात, आणि उरलेले दोन अतिसूक्ष्म संख्यांना सरळ शून्य मानायचं का हे सांगतात. प्रोग्रॅम सुरू होताना इथे हेक्स १एफ८० असतं, म्हणजे सगळे मास्क लावलेले, राउंडिंग जवळच्या संख्येकडे आणि नोंदी कोऱ्या.

मामांचा आणि माझा वाद या मास्कांवरून आहे. मामांचं आयुष्य फोरट्रानमध्ये गेलं. पुलाच्या तुळया, बॉयलरच्या भिंती यांच्यातले ताण काढणारे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले. मी अशा प्रोग्रॅमांच्या खालचा कोड लिहिते: थ्रेड सुरू करणं, सिग्नल पकडणं, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाताना रजिस्टरं जपून ठेवणं. मामा म्हणतात, गणित वाहू द्यावं. मी म्हणते, पहिल्याच गडबडीला थांबवावं. या विषयावर आम्ही जे बोललो ते इथे देते आहे, कारण दोन्ही बाजूंना खरी किंमत मोजावी लागते आणि ती कुठे मोजावी लागते हे बहुतेक प्रोग्रॅमरांना कोणी सांगतच नाही.

मी : मामा, सिम्युलेशन रात्रभर चालतं आणि सकाळी फाइल उघडावी तर रकानेच्या रकाने नॅन. नॅनमध्ये काही मिळवा, त्याला कशानं गुणा, नॅनच. तो नेमका कुठल्या ओळीत जन्मला हे शोधायला मग आख्खा दिवस जातो. मास्क काढलेले असते तर प्रोग्रॅम पहिल्याच अवैध क्रियेला पडला असता, आणि कुठल्या सूचनेवर पडला तो पत्ताही हातात आला असता.

मामा : पत्ता मिळाला असता, कबूल. पण जिथे प्रोग्रॅम पडेल तिथे चूकच असेल असं तू कशावरून धरतेस? समांतर जोडलेले दोन रोध घे. शाळेतलं सूत्र आहे: दोघांचे व्यस्त घ्यायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा पुन्हा व्यस्त. आता त्यातला एक रोध शून्य कर, म्हणजे तिथे शॉर्ट झालंय. एक भागिले शून्य, अनंत. त्यात दुसऱ्याचा व्यस्त मिळवला तरी अनंतच. एक भागिले अनंत, शून्य. आणि शॉर्ट झालेल्या जोडणीचा रोध शून्यच असतो! सूत्रात एकही 'इफ' नाही आणि उत्तर बरोबर. तुझ्या ट्रॅपनं हे चांगलं चाललेलं गणित अर्ध्यातच मारून टाकलं असतं.

मी : दोन्ही रोध शून्य असले तरी चालतं का हे सूत्र?

मामा : चालतं. अनंत अधिक अनंत, अनंत; त्याचा व्यस्त शून्य. पण हेच सूत्र गुणाकार भागिले बेरीज असं लिहिलंस तर शून्य भागिले शून्य होतं आणि नॅन मिळतो. म्हणजे सूत्र कुठल्या रूपात लिहायचं हा विचार माणसानं करायचाच आहे, त्यातून सुटका नाही. विल्यम कहान यांनी आग्रह धरला तो याच्या पुढच्या गोष्टीचा. इंटेलची ८०८७ चिप १९८० साली आली, तिच्या रचनेत ते सल्लागार होते, आणि त्याच कामातून १९८५ चं आयईईई ७५४ मानक उभं राहिलं. भागाकार करणाऱ्या फंक्शनला आपल्याला कोण आणि कशासाठी बोलावतंय हे माहीत नसतं. मग थांबायचं की नाही हे त्यानं का ठरवावं? उत्तर पुढे जाऊ दे, फ्लॅग मागे राहू दे. ज्याला संदर्भ माहीत आहे तो नंतर फ्लॅग वाचेल आणि ठरवेल. फ्लॅग आपणहून पुसला जात नाही, एकदा वर गेला की कोणीतरी मुद्दाम खाली आणेपर्यंत वरच राहतो.

मी : वाचेल कोण, मामा? सी भाषेत १९९९ पासून त्यासाठी फंक्शनं आहेत. फे-क्लिअर-एक्सेप्टनं फ्लॅग पुसायचे, काम करायचं, फे-टेस्ट-एक्सेप्टनं बघायचे. आजवर माझ्यासमोर आलेल्या कोडमध्ये ही दोन नावं फार क्वचित दिसतात. तुमच्या फोरट्रानमध्ये तर जीफोरट्रान कंपायलर 'स्टॉप' वाक्याशी आपणहून टीप छापतो की अमुकअमुक एक्सेप्शनचे फ्लॅग वर आहेत. किती जण ती टीप वाचून मागे जाऊन शोध घेतात?

मामा : थोडे. ती ओळ दिसली तरी "नेहमीच येते ती" म्हणून पुढे जाणारे मी पाहिलेत, आणि त्याचा मला राग येतो. पण लोक वहीच उघडत नाहीत म्हणून वही ठेवायचीच नाही का? आणि नेहमी येते तेही एका कारणानं येते. रोधांचं सूत्र वापरणारं फंक्शन उत्तर बरोबर देतं, पण शून्यानं भागाकाराचा फ्लॅग वर टाकून जातं. तो फ्लॅग पुसणं त्या फंक्शनच्या लेखकाचं काम. त्यानं ते टाळलं की वरच्याला खोटी सूचना जाते, आणि सूचना दोनदा खोटी निघाली की तिसऱ्यांदा कोणी बघत नाही.

इथे मामांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. सोयही आहे. फे-होल्ड-एक्सेप्ट बोलावलं की तोपर्यंतचं सगळं वातावरण, म्हणजे फ्लॅग, मास्क आणि राउंडिंग, बाजूला जपून ठेवलं जातं, फ्लॅग कोरे होतात आणि सगळे मास्क लागतात. आतलं काम उरकल्यावर आपल्या बाजूचे निरुपद्रवी फ्लॅग पुसायचे आणि फे-अपडेट-एन्व्हनं जुनं वातावरण परत आणायचं. न पुसलेले फ्लॅग त्यात पुन्हा उठतात, म्हणजे खरी तक्रार वरपर्यंत पोचते. तीन-चार ओळींचं काम आहे. पण हे जाणारे-येणारे फ्लॅग फंक्शनच्या कराराचा भाग आहेत असं मानून लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी : बरं, फ्लॅग राहू देत. उत्तराचं काय? दाब मर्यादेपेक्षा जास्त झाला तर झडप बंद कर, अशी अट लिहिलेली आहे. दाबाच्या जागी नॅन आला. नॅनशी केलेली कुठलीही मोठं-लहान तुलना खोटी ठरते. अट खोटी, झडप उघडीच. प्रोग्रॅम पडला असता तर निदान वॉचडॉगनं तो पुन्हा सुरू केला असता.

मामा : अट उलटी लिही. दाब मर्यादेच्या आत असेल तरच चालू ठेव, नाहीतर बंद. मग नॅन आला की झडप बंद होते.

मी : लिहिते. आणि मग कोणीतरी वेग हवा म्हणून फास्ट-मॅथ लावून कंपाइल करतं. त्यात नॅन आणि अनंत कधी येतच नाहीत असं वचन आपण कंपायलरला देऊन टाकलेलं असतं. तो माझी उलटी अट सरळ करून घेतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. इझ-नॅनची तपासणी तर तो उडवूनच टाकतो. दुसरं उदाहरण घ्या. दोन संख्यांतली मोठी काढणारी इंटेलची सूचना: दोहोंपैकी एक जरी नॅन असेल तरी ती दुसऱ्या जागेवरचा ऑपरँड परत करते. म्हणजे नॅन आणि ३ अशा क्रमानं दिलं तर ३, आणि ३ आणि नॅन अशा क्रमानं दिलं तर नॅन. पहिल्या क्रमात नॅन गिळला जातो आणि पुढच्याला काही घडलं होतं याचा मागमूस लागत नाही. नॅन पसरतो, म्हणून शेवटी दिसेलच, या भरवशावर तुमची इमारत उभी आहे, आणि तो भरवसाच पोकळ आहे.

मामा : दिसलाच नाही तर फ्लॅग आहे, मी पुन्हा तेच म्हणेन. पण हो, मानकानंही इथे दोनदा विचार केला. २००८ च्या आवृत्तीत 'मोठी संख्या' काढताना साधा नॅन वगळून दुसरी संख्या देणारी क्रिया होती, २०१९ मध्ये ती बदलून नॅन पुढे नेणारी आणि नॅन टाळणारी अशा दोन वेगळ्या क्रिया केल्या. आता मला सांग, तुझा ट्रॅप लागल्यावर पुढे काय होतं? थांबवणं सोपं असतं. थांबल्यावर कोण काय करणार, ते सांग.

मी : लिनक्सवर प्रोग्रॅमला एसआयजीएफपीई हा सिग्नल येतो. कुठल्या सूचनेवर थांबलं तो पत्ता त्याच्यासोबत असतो, आणि कारणही: शून्यानं भागाकार, ओव्हरफ्लो, अवैध क्रिया. हँडलरनं पत्ता लिहून ठेवून प्रोग्रॅम बंद करावा हे उत्तम. हँडलरमधून नुसतं परत यायचं नाही. परत आलं की प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो, पुन्हा तोच सिग्नल, आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे फिरत राहतो. पुढे जायचंच असेल तर सिग्नलबरोबर आलेल्या संदर्भात जपून ठेवलेल्या एमएक्ससीएसआरच्या प्रतीत मास्क लावून परत यावं लागतं, म्हणजे तीच सूचना या खेपेला नॅन किंवा अनंत देऊन पार पडते.

मामा : आणि त्या सूचनेत एकाच वेळी आठ भागाकार चालू असले तर?

मी : तर आठांतला कुठला बिघडला हे प्रोसेसर सांगत नाही. एकावर जरी ट्रॅप लागला तरी उत्तराच्या रजिस्टरमध्ये आठांपैकी एकही उत्तर लिहिलं जात नाही. हँडलरनं आठही भाजक स्वतः तपासायचे.

मामा : ८०८७ पासून चालत आलेल्या जुन्या एक्स८७ मध्ये तर याहून वाईट होतं. गडबड एका सूचनेत, आणि ट्रॅप पुढच्या फ्लोटिंग-पॉइंट सूचनेला. मधल्या काळात तुझा प्रोग्रॅम कुठल्या कुठे गेलेला. फ्लॅग वर असताना मास्क काढलास तरी पुढच्या सूचनेला भूत उभं राहायचं, चूक कधीचीच होऊन गेलेली असली तरी.

मी : म्हणून तिथे आधी फ्लॅग पुसायचे आणि मगच मास्क काढायचे. एमएक्ससीएसआरमध्ये ते दुखणं गेलं. जुना फ्लॅग वर असला तरी नव्यानं तशी घटना घडेपर्यंत ट्रॅप लागत नाही, आणि लागला की नेमक्या त्याच सूचनेवर लागतो.

मामा : आता आणखी एक. कोडमध्ये लिहिलंय, एक्स शून्य नसेल तरच त्यानं भाग. कंपायलर आठ-आठ घास घेणारा कोड बनवतो तेव्हा त्याला सोयीचं काय? सगळ्यांना भागून टाकायचं आणि जिथे एक्स शून्य होता तिथलं उत्तर फेकून द्यायचं. ट्रॅप नसतील तर हे अगदी योग्य. ट्रॅप असतील तर ज्या भागाकाराला प्रोग्रॅमरनं मनाई केली होती तोच होऊन प्रोग्रॅम पडतो. जीसीसी ट्रॅप असू शकतात असं मुळातच धरून चालतो. क्लँग मुळात धरत नाही, त्याला वेगळं सांगावं लागतं. म्हणजे तुझा ट्रॅप वेग खातो किंवा खोटं ओरडतो. काहीतरी एक निवड.

मी : वेग. तपासणीच्या वेळी मला वेग नको असतो.

मामा : तपासणीच्या वेळी, असं म्हणालीस! मग प्रत्यक्ष कामाच्या वेळी?

या प्रश्नावर मामांनी एरियान ५ काढलं, आणि ते काढणार हे मला माहीत होतं. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण ३७ सेकंदांनी भरकटून फुटलं. त्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. दिशा सांगणाऱ्या जडत्वीय यंत्रणेच्या संगणकात ६४ बिटांची एक फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. ती आडव्या वेगाशी संबंधित होती. एरियान ४ वर ती कधी मोठी झाली नव्हती. नव्या रॉकेटचा मार्ग वेगळा, आडवा वेग लवकर वाढणारा, त्यामुळे ती १६ बिटांत मावली नाही. एक्सेप्शन उठलं, ते पकडणारं कोणी नव्हतं, आणि ठरल्याप्रमाणे संगणकानं स्वतःला बंद केलं. त्याचा जोडीदार राखीव संगणक तर आधीच्या ७२ मिलिसेकंदांच्या फेरीतच, याच कारणानं, बंद पडला होता. सर्वांत दुखरी गोष्ट अशी की ही गणना जमिनीवर यंत्रणा जुळवून घेण्यासाठी होती. रॉकेट उडाल्यावर तिचा काही उपयोगच नव्हता, तरी ती उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेली होती.

मामा : मास्क लावलेलं यंत्र असतं तर काय झालं असतं? त्या खान्यात एक चुकीचा पूर्णांक पडला असता. तो कोणालाच नको होता. रॉकेट वर गेलं असतं. कहान यांनीही हाच मुद्दा मांडलाय.

मी : मामा, चौकशी अहवाल मीही वाचला आहे. अशा धोक्याचे सात चल सापडले होते. चारांना संरक्षण दिलं आणि तीन तसेच सोडले, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. म्हणजे काय होऊ शकतं हे माहीत होतं. एक्सेप्शन उठलं तर यंत्र बिघडलं असं समजायचं आणि राखीव यंत्राकडे जायचं, हा निर्णय माणसांनी घेतला होता. दोन्ही यंत्रांत तेच सॉफ्टवेअर असताना राखीव काय कामाचं? ट्रॅपनं गडबड बरोबर दाखवली. तिच्यावर काय करायचं हे चुकीचं ठरलं होतं. आणि "चुकीचा पूर्णांक पडला असता" हेही इतकं साधं नाही. इंटेलचा प्रोसेसर न मावणारी संख्या ३२ बिटांच्या पूर्णांकात बदलताना सर्वांत खालच्या टोकाची ऋण संख्या देतो, मूळ संख्या धन असली तरी. एआरएम मावेल तितकी मोठी धन संख्या देतो. नॅन दिला तर एआरएम शून्य देतो आणि रिस्क-फाइव्ह सर्वांत मोठी धन संख्या. तीन यंत्रं, तीन उत्तरं. ज्या आकड्यावर पंख वळणार आहे त्याची दिशा प्रोसेसरच्या ब्रँडवर ठरू द्यायची?

मामा : नाही. तिथे मर्यादा घालूनच बदलायला हवं, आणि अवैध क्रियेचा फ्लॅग वरच्या थराला कळवायला हवा. पण यंत्र बंद करायचं नाही. हवेत असलेल्या यंत्राला 'थांबलो' म्हणण्याचा पर्यायच नसतो, बाळ.

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. जिथे थांबणं हाच सुरक्षित मार्ग आहे तिथे मी ट्रॅप ठेवीन: चाचणीत, रात्रीच्या सिम्युलेशनमध्ये, हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये. जिथे थांबणं म्हणजे कोसळणं, तिथे मास्क आणि फ्लॅग, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी फ्लॅग वाचणारा कोड. तो वाचणारा कोड नसेल तर मामांची पद्धत निम्मीच उरते.

ज्या मुद्द्यावर आमचा आवाज एकाच बाजूनं चढतो तो वेगळाच आहे. हे वातावरण आहे कोणाचं? सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह एका बिऱ्हाडानं फिरवला की साऱ्या मजल्यांचं पाणी बदलतं, तसं हे रजिस्टर थ्रेडमधल्या सगळ्या कोडचं सामाईक. ६४ बिट लिनक्सच्या एबीआयमध्ये, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना बोलावण्याच्या करारात, नियम स्पष्ट आहे: फ्लॅग बदलले तर चालतील, पण मास्क आणि राउंडिंगचे बिट बोलावलेल्या फंक्शननं परत जाताना होते तसे ठेवायचे. नियम मोडल्याची उदाहरणं मात्र भरपूर. डायरेक्टथ्रीडी ९ सुरू करताना विशेष सांगितलं नाही तर ते एक्स८७ ची अचूकता कमी करून ठेवायचं, आणि त्याच थ्रेडमधलं बाकीचं डबल गणित गुपचूप सिंगलच्या अचूकतेवर यायचं. डेल्फीत अनेक वर्षं उलटी गंमत होती. तिथे काही मास्क मुळातच काढलेले, त्यामुळे मास्क लावलेले धरून लिहिलेली दुसऱ्यांची डीएलएल बोलावली की ती शून्यानं भागाकाराला पडायची. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजू भांडायला मोकळ्या.

मामा : आणि सबनॉर्मलचं तर माझ्या डोक्यात जातं. डबलमधली सर्वांत लहान साधी संख्या साधारण २.२ गुणिले १० चा ऋण ३०८ वा घात. तिच्याखाली एकदम शून्य नाही, हळूहळू अचूकता सोडत ऋण ३२४ पर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांसाठी मोठी लढाई झाली. डीईसी कंपनीचा व्हॅक्स त्या देत नव्हता आणि कंपनीचा त्यांना विरोध होता. मग त्यांनीच नेमलेल्या जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांनी १९८१ मध्ये निकाल दिला तो पायऱ्यांच्या बाजूनं. त्या आहेत म्हणून एक्स आणि वाय वेगळे असतील तर एक्स वजा वाय शून्य येत नाही, ही हमी मिळते. वजाबाकी शून्य नाही हे बघून भागाकार करणारा किती कोड या हमीवर उभा आहे! आणि कोणीतरी एक लायब्ररी लोड करतं आणि पायऱ्या गायब.

मी : जीसीसीत हे घडायचं, आणि फार काळ घडलं. एखादी शेअर्ड लायब्ररी फास्ट-मॅथ लावून बनवली की तिच्यासोबत सुरुवातीला चालणारा एक छोटा कोड जोडला जायचा. लायब्ररी लोड होताच तो एमएक्ससीएसआरमधले, सबनॉर्मलना शून्य मानायला लावणारे ते दोन बिट लावून टाकायचा. लायब्ररीतलं एकही फंक्शन बोलावलं नाही तरी. पायथनमध्ये नुसतं एखादं पॅकेज इम्पोर्ट केलं की नमपाय इशारा द्यायचं की सर्वांत लहान सबनॉर्मल संख्या शून्य येते आहे. त्यापुढे जे थ्रेड जन्मतील ते आईबापाचं वातावरण घेऊन जन्मतात, म्हणजे तेही तसेच. जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीसाठी हे बंद झालं. आधी बनवलेल्या लायब्ररी अजून फिरताहेत.

मामा : मग निदान इथे तरी तू माझ्या बाजूची.

मी : पूर्णपणे नाही. आवाजाचं काम करणाऱ्या लोकांना विचारा. प्रतिध्वनी विरत जातो तेव्हा फिल्टरमधल्या संख्या घसरत सबनॉर्मलच्या पायऱ्यांवर येतात, आणि अनेक प्रोसेसरांवर तिथली एकेक क्रिया शंभराहून जास्त चक्रं खाते. ऐकू न येणाऱ्या आवाजापायी प्रोसेसर दमतो आणि ऐकू येणारा आवाज तुटतो. त्यांनी ते बिट लावावेत, पण आपल्या थ्रेडमध्ये, आपलं काम सुरू होताना, आणि संपताना जुनी किंमत परत ठेवून. लोड होताना सगळ्यांसाठी लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मामा : कबूल. आणि कंपायलर? राउंडिंगची दिशा बदलून तीच बेरीज एकदा खाली, एकदा वर अशी काढायची म्हटलं तर तुमचा कंपायलर दोन्ही बेरजा सारख्याच समजून एकच करतो.

मी : कारण फे-सेट-राउंडचा बेरजेशी संबंध आहे हे त्याला ठाऊक नसतं. सी मानकानं त्यासाठी फेन्व्ह-ॲक्सेस हा प्रॅग्मा दिला. क्लँग तो पाळायला लागला आहे. जीसीसी अजून तो मानत नाही, राउंडिंग-मॅथचा पर्याय देतो आणि तोही प्रत्येक वेळी पुरत नाही. म्हणून बेरजेतल्या संख्या व्होलटाइल ठेवणं, फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं, असे उपाय आम्ही करतो. एव्हीएक्स-५१२ मध्ये राउंडिंगची दिशा सूचनेतच लिहिता येते. तो मार्ग मला जास्त आवडतो, त्यात सामाईक असं काही राहतच नाही.

मामा : सामाईक काही राहत नाही, म्हणजे फ्लॅगही नाहीत ना?

मामांनी इथे नेमकं बोट ठेवलं. मुद्दा आता आमच्या दोघांच्याही हातातून निसटतो आहे. रिस्क-फाइव्हमध्ये फ्लोटिंग-पॉइंटचे पाच फ्लॅग आहेत, पण ट्रॅप मुळीच नाही. ६४ बिट एआरएममध्ये ट्रॅप ऐच्छिक. कित्येक चिपांवर ते बिट लिहून परत वाचलं तर शून्यच मिळतं, आणि ट्रॅप आहे की नाही हे कळण्याचा मार्गही तोच. एनव्हिडियाच्या जीपीयूवर कूडा कोडला ट्रॅपही नाही आणि फ्लॅगही नाहीत. राउंडिंग सूचनेगणिक निवडता येतं, पण काही घडून गेलं का हे विचारायला जागाच नाही. आणि मामांच्या जातीची गणितं आता तिकडेच चालली आहेत.

मामा : तिथे तू काय करतेस?

मी : प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सगळ्या संख्यांना शून्यानं गुणून बेरीज. एकही नॅन किंवा अनंत असेल तर बेरीज नॅन येते, कारण शून्य गुणिले अनंत म्हणजे नॅनच. फास्ट-मॅथ न लावता.

मामा : आणि ओव्हरफ्लो होऊन अनंत झालेला आकडा पुढच्याच ओळीत भाजक झाला तर? एक भागिले अनंत, शून्य. तुझ्या बेरजेला तो शून्य दिसेल, अगदी साधा, देखणा शून्य. माझ्या रोधांच्या सूत्रात तो खरा होता. इथे तो खोटा असेल, आणि फ्लॅग नाही म्हणजे साक्षीदारही नाही.

मी : म्हणून तोच कोड सीपीयूसाठीही बनवते. छोटी जाळी घेऊन, अवैध क्रिया, शून्यानं भागाकार आणि ओव्हरफ्लो या तिघांचे मास्क काढून, रोज रात्री चालवते. मोठ्या जाळीवरच येणारे आकडे त्यात सापडणार नाहीत, हे मला माहीत आहे.

मामा : तर मग सूत्रं मला पाठव. भाजकात काय काय येतं आणि ते कुठपर्यंत वाढू शकतं हे मी कागदावर बघतो. जिथे अनंत चालेल तिथे खूण करतो, जिथे चालणार नाही तिथे तू तुझी तपासणी घाल.

मी ती त्याच संध्याकाळी पाठवली. पहिल्या चार सूत्रांपैकी दुसऱ्यावर मामांची खूण आली आहे: भाजकात वेगाचा वर्ग आहे आणि गणित सिंगल अचूकतेत चाललंय, तेव्हा वर्ग करण्याआधी मोठ्या संख्येनं भागून घे.